प्राणी, असल्यास

टोलीडो, ओहायो. फेडरल इमारतीचा दुसरा मजला.
खिडकीतून मॉमी नदी दिसते; फेब्रुवारीत
दिसते म्हणायचं इतकंच, पांढऱ्यावर पांढरं.
दर मंगळवारी, दहा-दहा मिनिटांना एक जण
माझ्यासमोर उजवा हात वर करतो.
शपथेसाठी वर केलेला हात
आणि दिवाळं निघाल्यावर वर केलेले हात,
फरक फक्त एका हाताचा.

नऊ चाळीस. ज्योर्जेट व्हिटफील्ड.
शाळेची बस चालवते. वय एकसष्ट.
यादी मी रात्रीच वाचली होती:
सोफा, चाळीस डॉलर. टीव्ही, साठ.
लग्नाची अंगठी, एक. दुसरी त्याच्यासोबत गेली.
प्राणी, असल्यास: कुत्रा, आंधळा, वय चौदा,
किंमत शून्य.
त्या शून्यावरून पेन दोनदा फिरलंय.

विचारायचं ते विचारलं.
सही तुमचीच? काही लपवलंय? कुणाला काही देऊन टाकलंय?
मग ऑक्टोबरचं स्टेटमेंट.
मासेमारीची बोट, ॲल्युमिनियमची, चौदा फुटी,
कार्डावर, तीन हजार एकशे.
डायलिसिसची बिलं तेव्हा थकलेली.
हे फिटणार नाही, माहीत होतं तुम्हाला?
"माहीत होतं."
तिच्या वकिलाने डोळे मिटले.
"तीनदा गेलो एरीवर. तिसऱ्या खेपेला
तो बोटीतच झोपून गेला. मी वल्हवत राहिले."

पैसे बुडाले, म्हणेल बँक.
बोट तिच्या अंगणात बर्फावर तरंगतेय.
यादीत आहे ती, आठशेला. मी ती विकणार आहे.

मी छपरं घालणाऱ्याचा मुलगा. लास्लो शोमोजी, हंगेरियन वस्तीतला.
त्र्याऐंशी साली त्याने एका दंतवैद्याच्या घराला
अख्खं छप्पर घातलं, पदरच्या पैशांनी पत्रे आणून,
आणि दंतवैद्याने कोर्टात कागद घातले.
बाबा वाट वाकडी करून त्या घरावरून जायचे,
पाऊस असला की हमखास.
छप्पर गळत नव्हतं.
त्याचंच त्यांना जास्त लागायचं.
माझ्या दातांना त्या वर्षी तार बसायची होती, ती बसलीच नाही.
कायदा सैल करा, म्हणत कुणी आलं
की माझी जीभ अजून त्या दाताला लागते.
आवळा म्हणणारे येतात तेव्हाही लागते,
का, ते मला नीट सांगता येत नाही.

मागच्या खुर्च्या रिकाम्या असतात.
बँका येत नाहीत, त्यांना परवडत नाही येणं.
आज एक जण आला होता.
बर्नार्ड क्विल्टर. तिच्या फर्नेसचा ब्लोअर बदललेला,
येणं दोन हजार दोनशे.
कायद्याने त्याला प्रश्न विचारता येतात.
उभा राहिला. टोपी काढावी की नाही ठरेना.

"फर्नेस चालतोय?"
"चालतोय."
"आवाज?"
"पहाटे. थोडा."
"बेअरिंग असेल. येऊन बघतो."
मग माझ्याकडे वळला: "जाता येतं ना? कायद्याने?"
मागायला जाता येत नाही, मी म्हणालो.
बघायला जाता येतं.

माफ केलं त्याने, असं मी म्हणणार नाही.
जाताना दार जरा जोरातच लावलं.

टेपवर आहे हे सगळं. ते दारसुद्धा.

एप्रिलमध्ये बोटीला गिऱ्हाईक मिळालं,
पर्किन्सचा कुणी पोरगा, घासाघीस करून सहाशेला घेतली.
वाटणी झाली. हॉस्पिटल, कार्डं, कार्डं, पुन्हा हॉस्पिटल.
क्विल्टरच्या वाट्याला सव्वीस डॉलर चाळीस सेंट.
बाबांना तेवढेही आले नव्हते.
चेक वटला की नाही, मी सहसा बघत नाही.
हा बघितला.
मिळाला त्याच दिवशी वटवलाय.

मला बरं वाटलं.