पातळी तपासताना

सगळा स्टुडिओ एका पाठपिशवीत मावतो, हे खरं,
पण पिशवी घोड्यावर बांधायची
तर घोड्याचंही मत घ्यावं लागतं.
आमचा तांबडा दोनदा नाही म्हणाला.

आत फार काही नव्हतंच.
साबणाच्या वडीहून जरा मोठी एक डबी,
मॉस्कोच्या गोदामात सात महिने खोकी उचलली
त्यातलं हे एवढंच उरलं.
माईक दुसऱ्याच्या हातचा.
लॅपटॉप, त्यातला 'क' रुसलेला.
गाडीची जुनी बॅटरी, आणि घडीचं सोलर पॅनेल
जे बेकबोलोतने उसनं दिलं, कधी परत हवं ते बोलला नाही.
वायर एकच.
दुसरी नारिनच्या बाजारात हमखास मिळेल म्हणाले होते.

शहरातली पोरं भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवतात,
रजया टांगतात, कपाटात तोंड घालून गातात.
मला तसलं काही करावं लागलं नाही.
उंच कुरणावर मावशीचा गोल तंबू,
चहूबाजूंनी लोकर, डोक्यावर लोकर, बुडाखाली लोकर,
बत्तीस हिवाळ्यांची मेंढरं
आवाज पीत बसलेली.
मी टाळी वाजवून पाहिली.
गेली ती परत आलीच नाही.

स्टँड नव्हता. कुमिस घुसळायचा दांडा
दोन खोगिरांमध्ये उभा बांधला.
'प' आणि 'फ'ची फुंकर अडवायला पातळ पडदा लागतो,
म्हणून भरतकामाच्या कड्यावर एक नायलॉनचा मोजा ताणून बसवला.
"कुणाचा आहे तो?" मावशीने विचारलं.
बेर्मेत मावशी, एकाहत्तरीची,
लग्नाला घालायचे मोजे तिचे दोनच.
मी वायरीत डोकं घातलं.

ती कोमुझ घेऊन बसली.
जर्दाळूचं लाकूड, तीन तारा, मान दोनदा सांधलेली.
"वाजवू?"
थांब, आधी पातळी बघू. काहीतरी बोल.
"काय बोलू?"
काहीही. आकडे मोज.
"आकडे सरकारी माणसं मोजतात," म्हणाली,
आणि घोड्यांची नावं घेऊ लागली,
ज्या वर्षी बर्फावर बर्फ गोठला
आणि गवत खाली अडकून राहिलं, त्या वर्षीच्या.
सारला. काश्का. अकझाल.
हिरवी पट्टी श्वासाइतकी वर-खाली.
लंगडी तोरू.
एलामान.

पट्टी लाल झाली.

ती ओरडली नव्हती.
नुसती जरा पुढे वाकली,
झोपलेल्याच्या कानाशी बोलावं तशी.
एलामान घोडा नव्हता.
आम्ही दोघं एकाच पाठीवर बसून शाळेत जायचो,
तो पुढे, मी मागे, त्याच्या कोटात हात घालून.
त्या माघात तो घोडे शोधायला गेला.

"चोलपोन," मावशी म्हणाली, "गाभण होती."
पट्टी पुन्हा हिरवी.
बटण उतरवायला हवं होतं.
माझी बोटं बटणावरच होती.

मग तिने दोन धुना वाजवल्या. चांगल्या झाल्या.
एकीत बाहेरून मार्मोटने शिट्टी घातली, ती तशीच ठेवली.
मॉस्कोतल्या खोलीवरच्या पोरांना त्याच पाठवायच्या होत्या.

रात्री ऐकत बसलो.
त्या एका नावाशी आवाजाची टोकं कापल्यासारखी सपाट.
"काय झालं?"
फाटलाय इथे.
तिने सवयीने सुईच्या डबीकडे हात नेला.
नाही मावशी, हे शिवता येत नाही.
"सगळं शिवता येतं. दिसतं तेवढंच."

रुमालावरूनच हेडफोन चढवला, एका कानाला.
डोळे मिटले नाहीत, चुलीकडे बघत शेवटपर्यंत ऐकलं.
मग म्हणाली,
"लंगडी तोरू आधी घ्यायला हवी होती, ती सगळ्यांत थोरली.
लाव परत. आता क्रमाने घेते."

मी अंधारात वायर शोधू लागलो.
एकच तर होती,
माझ्याच हातात.