अकरा अंडी

पास्क होऊन आठवडा झाला असेल.
खताचा ढीग उलटायला फावडं घातलं
आणि पाचोळ्यात पांढरं काही दिसलं.
वाटलं, एस्पेरान्सची हरवलेली लसणीची जुडी.
अंडी होती. अकरा. एकमेकांना चिकटलेली,
मऊ, कातड्यासारखी.
धामण.
मिसाला उशीर झाल्यावर मागच्या दाराने शिरतो
तसा, आवाज न करता, मी मागे सरलो.

रात्री तेर्स संपल्यावर तिला सांगितलं.
आधी सांगितलं असतं तर पाचवा मिस्तेर अर्धाच राहिला असता.
ती म्हणाली, "सायबिणीच्या पायाखाली कोण आहे बघ जरा,"
आणि आल्ताराकडे बोट केलं.
खरंच, तिथे तो होता, प्लास्टरचा,
हिरव्या रंगाचे पोपडे उडालेला.
चाळीस वर्षं आपल्याकडेच राहतोय, मी म्हणालो,
रोज धूळ पुसतेस की त्याची.
त्या रात्री मला जेवण वाढलं गेलं, शब्द नाही.

तिचंही खरं होतं.
सात शिरांच्या भेंडीचं बी तिच्या आईने दिलेलं,
राखेत घोळून बाटलीत ठेवलेलं,
लग्नात आलेल्या सगळ्या वस्तूंत
तेवढंच अजून जिवंत.
त्याला जूनच्या आधी खत हवं,
आणि खत मी अडवून बसलो होतो
एका धामणीच्या वतीने.

मी भूमापन खात्यात होतो, एकतीस वर्षं.
साखळी ओढली, दगड रोवले,
नकाशांवर लाल शाईने रेघा मारल्या.
माझ्या सहीच्या एका कागदावर
पलीकडच्या तीराला आता सात मजले उभे आहेत.
तिथे पूर्वी मानशीतून पाणी यायचं,
पाण्याबरोबर खेकडे.
लाच घेतली नाही. एवढंच म्हणू शकतो.
पण रेघ माझीच होती, आणि चांगली सरळ होती.
पहिल्या बागेत माणसाला दोनच कामं दिली होती,
कसणं आणि राखणं.
मी तिसरं करत राहिलो. मोजणं.

तर हा ढीग,
फणसाच्या साली, नारळाची सोडणं, सुंगटांची टरफलं,
हा मी मोजणार नव्हतो.
चार काठ्या रोवल्या, वर झावळी टाकली.

स्विंडनहून मुलीचा फोन:
डॅडी, अंगणात पेव्हर्स घालून टाका,
एकदाची कटकट मिटेल.
कटकट म्हणजे गवत, गांडुळं, मुंगळे.
कदाचित आम्हीही.

मे संपताना बोस्त्यांवची पोरं काठ्या घेऊन आली.
मी तेव्हा फेरीबोटीत, पेन्शनचे कागद देऊन परतत होतो.
पुढचं मला बोस्त्यांवनेच हसत सांगितलं.
एस्पेरान्स बाल्कांवच्या पायरीवर
कोयता मांडीवर घेऊन बसली होती.
"साप? तो कधीच गेला.
अंडी माझ्या कोंबड्यांनी खाल्ली."

आमच्याकडे कोंबड्या नाहीत.

त्या रविवारी ती कुमसाराला गेली.
रांगेत मी तिच्या मागे.
बराच वेळ गुडघ्यांवर होती.
काय सांगितलंस, मी विचारलं नाही.
माझी यादी दर वेळी एका नकाशापाशी का अडते
हे तिने कधी विचारलं नाही.

सांजांवला दोन दिवस होते,
कोपेलांसाठी पोरं कुंपणावरच्या वेली ओरबाडत होती,
तेव्हा झावळी उचलून पाहिलं.
नऊ टरफलं सुरकुतलेली, प्रत्येकाला एक चीर.
दोन तशीच राहिलेली, घट्ट, पिवळी पडलेली.
ती मी फणसाच्या मुळाशी पुरली,
आणि का कोण जाणे, टोपी काढली.

"भर आता," पाटी पुढे करत एस्पेरान्स म्हणाली,
"महिना उशीर. भेंडीला कुठलं तोंड दाखवू?"
मी भरत गेलो.
ती पुढे पुढे, ओल्या मातीत बोटाने खळगे करत,
एकेका खळग्यात दोन दोन बिया,
आणि बुजवण्याआधी प्रत्येक खळग्यात
वाकून, नीट, आत बघत होती.