काम चालू आहे

रबाळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा
घड्याळ त्यांनी दिलं, शाल त्यांनी दिली,
कुलूप मी मागून घेतलं.
पितळी, बोटाएवढं. सोबत लाल पत्रा:
काम चालू आहे. स्विच लावू नये.
खाली खिळ्याने कोरलेलं: सावे.

चिमणीचा खोका दोन दिवस सोफ्यावर बसून होता,
कुणीतरी पाणी विचारेल म्हणून थांबलेल्या पाहुण्यासारखा.
बारा किलोचा ब्लोअर. आत पत्र्याच्या कडा,
ब्लेड परवडलं.
हातमोजे घाल, मी जयदीपला म्हणालो.
शेजारचा पोरगा, आयटीआयचं दुसरं वर्ष,
सगळं येतं त्याला, फक्त घाईने.

शेगडीपासून एकोणतीस इंच.
कुंदाला ओट्याशी उभी केली, हातात उलथनं दिलं.
पोळी उलट, म्हटलं. डोकं लागत नाही ना?
पोळी नव्हतीच.
तिने हवा उलटली, वर दाबलीही जराशी.

मग भिंतीवरचं बटण बंद केलं
आणि सॉकेटला टेस्टर लावला.
पेटला.
बटण पुन्हा खालीवर केलं. पुन्हा पेटला,
नारिंगी, तांदळाच्या दाण्याएवढा.
स्विच न्यूट्रलवर. फेज मोकळी, रात्रंदिवस.

कोणी केलंय हे वायरिंग, जयदीप हसला.

चौऱ्याण्णव साली, वसुबारसेच्या रात्री,
दुसरी पाळी करून आलेल्या माणसाने.
तीस वर्षं ही बाई
ओल्या हाताने याच बोर्डाला मिक्सर लावत आली.

ॲसिड सेक्शनमधून ताशी किती हवा ओढली जाते
ते मी दर सोमवारी वहीत लिहायचो.
एक ब्लोअर बंद पडला की सेक्शन बंद,
मग साहेब कितीही नाचू दे.
आणि घरी, मिरचीच्या फोडणीने ही खोकू लागली
की मी हॉलमधून पेपराआडून सांगायचो,
खिडकी उघड.

मेन बोर्डाशी गेलो. एमसीबी पाडला.
डब्याच्या कडीत कुलूप, कुलपात पत्रा, किल्ली खिशात.
घरात आपण तिघंच, कुंदा म्हणाली,
स्विच लावायला येणार कोण?
हसुराम भोईरलाही असंच वाटलं होतं, मी म्हटलं.
ती गप्प झाली.
हसुराम अजून डाव्या हाताने जेवतो.
तिने वाढलंय त्याला.

जिथे नक्की वीज आहे तिथे आधी टेस्टर लावायचा,
जिन्यातल्या दिव्याला, मग इथे, मग पुन्हा तिथे.
मेलेला टेस्टरही पेटत नाही, जयदीप,
म्हणून.
त्याने हे वहीत लिहिलं नाही. पण तीनदा लावला.

फेज बटणावर आणली. हिरवी वायर
जिथे नुसतीच गुंडाळून ठेवली होती मी, तिथून काढून
अर्थच्या पिनेला कसली.
पाइपाचं भोक बाहेरच्या भिंतीतून, सहा इंची,
बोटभर उतार बाहेरच्या बाजूला, तोंडाशी झडप.
शाफ्टमध्ये सोडलं असतं तर सोपं होतं,
पण आपला सुका बोंबील
रोज वरच्या देवधरांकडे जेवायला गेला असता.
गॅसचा रेग्युलेटर मात्र मी विसरलो होतो.
तो कुंदाने सकाळीच काढून ठेवला होता, न सांगता.

सहा वाजता कुलूप काढलं.
पेपरचा कपटा जाळीला चिकटून राहिला, पडेना.
जयदीपने टाळी वाजवली, मोज्यांसकट.

कुंदाने मुद्दाम तेलात सात मिरच्या टाकल्या.
मी खोकल्याची वाट बघत उभा.
आला नाही.
आणि तिने हात वर करून चिमणी बंदच केली.

काय झालं?

मोहरी ऐकू येत नाही, ती म्हणाली.
ती तडतडू दे. मग लाव.

मी पंच्याला हात पुसले, नीट, बोटांच्या मधेसुद्धा,
आणि बटणापाशी थांबून राहिलो.