निरंक

तक्रारपेटी महिन्यातून एकदा उघडायची,
समितीसमोर, असं परिपत्रक आहे.
किल्ली तांबवेकर सरांच्या ड्रॉवरात, खडूच्या खोक्याखाली.
समिती म्हणजे सर, मी,
आणि अंगणवाडीच्या सुलभाताई, ज्यांना आज पोलिओचं काम होतं.

पेटीत निघालं:
गोळ्यांचे दोन कागद, मेलेली एक गांधीलमाशी,
कुणाचा तरी दुधाचा दात,
आणि चौकटीच्या वहीचं पान, घड्यांवर घड्या घातलेलं.

"बाई, भुकंपाची ड्रिल रोज घ्या."

नाव नाही.
मी सवयीनं पेन काढून भु दीर्घ केला.
सर हसले, "गणिताचा तास बुडवायचाय लेकाला."
मग रजिस्टर.
तक्रारीचे स्वरूप : निरंक.
केलेली कार्यवाही : निरंक.
खाली दोन सह्या. एक माझी.

कोयनेच्या या अंगाला जमीन अधूनमधून कूस बदलते.
मांडणीवर पेले किणकिणतात, कुत्री आधीच उठलेली असतात,
बाया म्हणतात, "बारका हुता,"
आणि थापायची राहिलेली भाकरी थापतात.
त्यामुळं आमच्याकडं ड्रिल फोटोपुरती नसते.
घंटा तीनदा, लांब.
बाकाखाली. गुडघे पोटाशी.
दप्तर डोक्यावर, दोन्ही हातांनी गच्च.
मी साठ आकडे मोजते, मोठ्यानं.

या शुक्रवारी चाळीसला मी वाकले.
एरवी वाकत नाही, गुडघा दुखतो.
बाकांच्या लोखंडी पायांतून दिसली सगळी, एकतीसच्या एकतीस.
राजवर्धनचे हात त्याच्या स्वतःच्या डोक्यावर.
सुजयचे सुजयच्या.
जे हात पाण्याच्या टाकीमागं चिमटे काढतात,
भाकरी मातीत उपडी करतात,
नाक दाबून "म्हशे" म्हणतात,
ते सगळे हात कामात होते.
आणि त्यांच्या मधोमध नवलू झोरे,
धनगरवाड्यावरून तासभर उतरून येणारा,
गार फरशीला गाल लावून,
डोळे मिटून,
सुखात.

मी साठला थांबले नाही.
एकसष्ट. बासष्ट.
पंच्याहत्तरला कुणीतरी खालून म्हणालं, "बाई, मेलो असतो की आतापतूर."
हशा पिकला. नवलू हसला नाही,
त्यानं दप्तर आणखी खाली ओढलं.
नव्वदला माझा आवाज गेला.

जूनमधली गोष्ट. पाऊस आत येत होता म्हणून खिडक्या बंद,
आणि मी विचारलं होतं, "कुणाच्या दप्तराला वास येतोय रे?"
एवढंच.
वर्ग मागं वळला, नेमका एकीकडंच.
मीही हसले होते, अगदी थोडी,
वर्ग आपल्या बाजूनं आहे हे कळल्यावर
मास्तर हसतात तेवढी.

तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे, असं परिपत्रकात आहे.
ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे
त्यानंच पेटी उघडली तर काय करावे, ते नाही.

संध्याकाळी पाटणची एसटी सोडली.
ड्रॉवर, खोकं, किल्ली, रजिस्टर.
"निरंक"वर आडवी रेघ मारली, खाडाखोड चालत नाही तरी.
शेजारी लिहिलं : एक.
पुढचा रकाना बोटभर रुंद.
त्यात माझं नाव बसलं, आडनाव बाहेर आलं.

सोमवारपासून मधल्या सुट्टीत
मी माझा डबा घेऊन टाकीमागं बसते.
पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही.
दुसऱ्या दिवशी राजवर्धन आला, लांबनंच म्हणाला,
"बाई, हितं गांधीलमाश्या हैत."
"असू देत. बस."
तो बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.
मी त्याच्या हातात लोणच्याची फोड दिली.

नवलू गेटपाशी उभा,
डब्याचं फडकं न सोडता आमच्याकडं बघत.
मी त्याला हाक मारली नाही.
मनात मोजायला घेतलं,
या वेळी किती आकड्यांपर्यंत, ते न ठरवता.