बोट वर करा

माझं काम सोपं आहे.
नेरूळ, सेक्टर वीस, दंतवैद्याच्या शेजारचा गाळा.
काचेच्या खोलीत माणूस बसवायचा,
कानांवर हेडफोन चढवायचे
आणि सांगायचं: ऐकू आलं की बोट वर करा.
अगदी बारीक आलं तरी.
आलंय असं नुसतं वाटलं तरी.

संध्याकाळी शेवटचा कान गेला
की दार ओढून मीच आत बसतो
आणि इनास तुस्कानो लावतो.

पहिली रेकॉर्डिंग तुर्भ्याची.
बंद पडलेलं शीतगृह, बटाटे हलवल्यानंतरच्या दोन रात्री.
सुरुवातीची चार मिनिटं नुसता श्वास.
मी कॉम्प्रेसर समजून पुढे ढकललं होतं,
त्याची अजून लाज वाटते.
मग एक स्वर. स्वर नव्हेच,
गंजलेल्या बिजागरीला कुणी नाव विचारावं
आणि तिनं ते आठवायला लागावं, तसं काहीतरी.

दुसरी पारसिकच्या खाणीतली.
मधेच डंपर मागे येतो, त्याचा पीं पीं पीं.
इनास थांबत नाही, टाळतही नाही;
तो पीं उचलतो, त्याचे एका फुंकरीत दोन करतो,
दोघांना एकमेकांवर घासतो,
शेवटी डंपरच गप्प होतो.
कव्हरवर बॉलपेनने लिहिलंय:
सॅक्सोफोन, इनास तुस्कानो. डंपर, रामसकल राजभर.

तिसरी मला आवडत नाही.
तिच्यात तो कुणाला तरी पटवून देतोय.

बायको गाणं शिकलेली.
एकदा डबा घेऊन आली, दारातच ऐकत उभी राहिली.
म्हणाली, सम कुठे आहे?
म्हटलं, नाहीये.
मग हा परततो कुठे?
डबा गार झाला. उत्तर अजून दिलेलं नाही.

फेब्रुवारीत बेलापूरला प्रत्यक्ष ऐकला.
सोसायटीचं क्लबहाऊस, कॅरम भिंतीला टेकवलेले,
खुर्च्या चाळीस, माणसं तेरा, त्यात वॉचमन.
वसईकडचा, लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं घातलेला,
चपला काढून उभा राहिला.
ओठांत पट्टी भिजवत बराच वेळ काही बोलला नाही.
बोरूच ती. आमचे आजोबा असल्याच काडीने
तलाठ्याचं दप्तर लिहीत, ओळ न सोडता.

रेकॉर्डिंगमध्ये कळत नाही
की झाकणांवर बोटं पडतात त्याचीही एक लय आहे,
की गालातली हवा संपायच्या आत
तो नाकाने दुसरी घेतो,
तेव्हा डोळे भरून येतात. रडणं नव्हे, दाब.
कळत नाही की तो गुडघ्यात वाकतो
जड गोणी उतरवणाऱ्यासारखा
आणि सगळ्यात वरचा चिरका स्वर
तिथून, गुडघ्यातून, येतो.
पाचजण उठून गेले.
वॉचमन बसून होता, काठी मांडीवर आडवी.
माझं बोट वर होतं. कधीपासून, माहीत नाही.

नंतर चहा पिताना म्हटलं, कान तपासून घ्या. फुकट.
मंगळवारी आला. काचेत बसला, शहाण्या मुलासारखा.
हजारला बोट. दोन हजारला, उशिरा, बोट.
चार हजारला काही नाही.
आवाज वाढवला. काही नाही.
बेलापूरचा तो वरचा स्वर याच घरातला होता.
त्याला तो किती वर्षं ऐकू येत नसेल
हे मी विचारलं नाही.

मग मी बटणावरून हात काढला.
आणि इनासने बोट वर केलं.
फॉर्मवर यासाठी रकाना आहे: खोटा प्रतिसाद.
पेन उचललं, दार उघडून म्हटलं,
मी काहीच दिलं नव्हतं.
शेजारी दाढेत ड्रिल चाललं होतं,
भिंत, फरशी, खुर्चीचा पाय, असं कुठूनसं चढत.
खोली आवाज अडवते, असं कंपनी म्हणते.

त्याने हेडफोन काढलेही नाहीत.
हे कोण वाजवतंय? म्हणाला.

डॉक्टर वैजयंती ठोसर, मी सांगितलं.
माझंच पेन मागून
त्याने तळहातावर लिहून घेतलं.