गळ्याला हात लावून

वडगावात माग सुरू असले की
कुणी कुणाचं ऐकत नाही, ओठ बघतं.
बाबा शेडच्या त्या टोकाहून तोंड हलवतात
आणि मला कळतं, कांडी संपली.

म्हणून पहिल्याच दिवशी चुकले.
मेटगुड सरांनी आवाज न काढता विचारलं,
पॅट की बॅट?
मला दोन्ही एकच दिसले.
सर हसले. "गंटलिगे कै हच्चि नोड्री,
गळ्याला हात लावून बघा की."
स्स्स. बोटांखाली काही नाही.
झ्झ्झ. आणि गळ्यात
आमची अख्खी शेड चालू झाली.

तेव्हापासून लाइट गेली की मी म्हणते,
अघोष झालो.
आईला वाटतं, शिवीच आहे.

वहीत खुणांची रांग.
एक मराठी तीन, ओळीखाली घसरलेला.
एक लंबगोल, मधून आडवा दोरा.
हा तर धोटा! मी मोठ्यानं म्हणाले.
"थ्रेड," सर म्हणाले, "जीभ दातांत धरा."
आई तुटलेला दोरा तिथंच धरते,
वीस वर्षं,
इंग्रजीचा एक शब्द न बोलता.

अंकलिपीत ङ ला चित्र नव्हतं,
रिकाम्या चौकटीत बसून असायचा बिचारा.
इथं त्याला नोकरी लागलीय,
रिंग, सिंग, वीव्हिंग,
रोज शेवटच्या पाळीला.
ळ ला मात्र जागाच नाही.
"तुमचाबी आहे, आमचाबी आहे," सर म्हणाले,
"त्यांचा नाही."
पाटीवर बेळगाव लिहा की बेळगावी,
तो काही हलत नाही.

मग मी जग विचारलं.
बाहेरचं जग आणि 'तू जग',
आम्ही एकसारखंच लिहितो, सर.
त्यांनी फळ्यावर दोन वेगळ्या खुणा काढल्या.
तास संपला तरी पुसवेना.

शनिवारी परीक्षा.
हेडफोनमध्ये कुणी बाई बोलेल,
तिचे ओठ दिसणार नाहीत.

राहिला व.
दात ओठावर टेकवायचे, की ओठ गोल?
"तुझ्या वडगावचा कुठला, सांग."
दोन्ही करून बघितले,
दोन्ही परगावचे वाटले.
सरांनी समासात तिसरी खूण काढली,
छोटी, एका बाजूला वळलेली.
पुस्तकाच्या तक्त्यात ती नाही.
"पेपरात नको लिहूस," म्हणाले.

पेन्सिलनं काढली होती.
मी पेननं गिरवली.