वर्तुळ क्रमांक एकोणीस

बोरटेंभ्याच्या माळावर एक्केचाळीस शिळावर्तुळं.
नोंदवहीत प्रत्येकाचे धोंडे मोजून ठेवलेत.
एकोणिसाव्यात सव्वीस,
त्यातले सहा कललेले.
सत्ताविसावा गावात कुणाच्या तरी पायरीला गेला म्हणतात.

यंदा मात्र तीस भरले.
चार जास्तीचे, लिंबाएवढे,
मातकट, वर काळे शिंतोडे.

टिटवी आधी कल्ला करते,
मग पंख मोडल्याचं सोंग घेऊन
लंगडत मला नेते पार बाविसाव्यापर्यंत.
मीही जातो.
एवढं करते बिचारी, तिचं मन का मोडा?

सोमवारी निरोप आला: पाहणी आहे,
गवत नको, परिसर साफ दिसला पाहिजे.
सोबत तणनाशकाचे दोन डबे.
झिबल मरसकोल्हे पंप पाठीला बांधून आला.
एकोणिसाशी मी त्याला थांबवलं.
"मोज."
मोजता मोजता तो उकिडवा बसला.
"हे चार कोनं ठेवले बे?"
मग पंपाचा पट्टा सोडला,
बिडी काढली, पेटवली नाही.

वैशाखात इथं दगड भाकरीसारखे तापतात.
खाली कुणी निजलंय, म्हणे घोड्यासकट,
त्याच्यावर कुसळी, कुसळीत मुंगसाची वाट,
आणि धोंड्यांवर कोरलेले वाटीएवढे खळगे.
ते कशासाठी, अजून उलगडलेलं नाही,
असं साहेब पाहुण्यांना सांगतात.
मी मागं उभा असतो.
रोज सकाळी माझ्या बाटलीतलं पाणी
मी त्या खळग्यांत ओततो.
टिटवी येते, पोट भिजवते,
आणि ओल्या पोटानं जाऊन अंड्यांवर बसते.
हे नियमात आहे की नाही,
मी विचारलेलं नाही.

साहेब आले. छत्रीतूनच पाहिलं.
"या एकाचंच गवत का राहिलं?"
"काम सुरू हाय, साहेब."
शेरा पडला: वर्तुळ १९, साफसफाई अपूर्ण.
खाली माझी सही घेतली.
एवढ्या मनापासून मी पगारावरही करत नाही.

परवा मोजले तर सव्वीसच.
छातीत धस्स झालं.
मग कललेल्या धोंड्याच्या सावलीत
एक खडा श्वास घेताना दिसला.
त्याच्या पलीकडे दुसरा. तिसरा थोडा लांब,
माझ्याच बुटाजवळ, डोळे उघडे, गच्च दगड झालेला.
चौथ्याचं मुंगसाला ठाऊक.

मी पाय उचलला नाही.
वर ती ओरडत होती,
आणि आज लंगडायचं विसरली होती.